भूगोल घेऊन काय करणार?

बारावीचा निकाल लागला की आमच्या घरी आठ-दहा दिवस वर्दळ असते. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. परभणी जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी वीस वर्षं झाली, त्यामुळे शाळा सोडून गेलेली मुलंही पुढचं विचारायला माझ्याकडेच येतात. बहुतेकांचा प्रश्न ठरलेला असतो: डी.एड. करू का, नर्सिंग करू का, आयटीआयला नंबर लागेल का. गेल्या वर्षी मात्र एक मुलगी वडिलांना घेऊन आली आणि म्हणाली, "सर, मला बी.ए.ला भूगोल घ्यायचाय. पुढं एम.ए.पण भूगोलातच."

वडील रिक्षा चालवतात. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि मला म्हणाले, "सर, भूगोल लेके क्या करेगी? दुनिया गोल हैच. पढ़ो नहीं तो बी गोल रहती."

मला हसू आलं, मुलीलाही आलं. पण त्या संध्याकाळी मी त्यांना धड उत्तर देऊ शकलो नाही. "दोन दिवस द्या भाई, सांगतो," म्हणालो. खरं तर मला उत्तर माहीत असायला हवं होतं, कारण बी.ए.ला माझा स्वतःचा एक विषय भूगोल होता. नंतर बी.एड.ला भाषा घेतल्या, नोकरी भाषेत लागली आणि भूगोल कपाटात राहिला. त्या दोन दिवसांत कपाट उघडलं. हा लेख त्यातूनच निघाला आहे.

मी औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला शिकलो. विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचं नाव येऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. नाव विचारून खोली भाड्याने द्यायचे दिवस. ते अजूनही सरलेले नाहीत. कुठल्या गल्लीपर्यंत खोली मिळते आणि कुठल्या वळणानंतर मिळत नाही, हे मी कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात पायी फिरून शिकलो. याला सामाजिक भूगोल म्हणतात, हे पुढं दुसऱ्या वर्षी कळलं.

वर्गात पहिल्यांदा मन गुंतलं ते टोपोशीटमध्ये. टोपोशीट म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा. ही संस्था 1767 ची, कंपनी सरकारच्या काळातली. नकाशाचं प्रमाण एकास पन्नास हजार, म्हणजे कागदावरचे दोन सेंटिमीटर जमिनीवर एक किलोमीटर. शाळेतल्या नकाशात जिल्ह्यांना गुलाबी, पिवळे रंग असतात, ते फक्त शेजारचा जिल्हा वेगळा दिसावा म्हणून. टोपोशीटमध्ये प्रत्येक रंगाला अर्थ असतो. लाल म्हणजे वस्ती आणि रस्ता, पिवळा म्हणजे शेत, हिरवा म्हणजे झाडी. तपकिरी रेषा उंचीच्या, त्यांना समोच्च रेषा म्हणतात. निळ्या रंगात बारमाही पाणी, आणि जो ओढा पावसाळ्यानंतर कोरडा पडतो, तो काळ्या रेषेने दाखवतात. मराठवाड्याचा टोपोशीट टेबलावर पसरला की आधी काळ्या रेषांचं जाळं दिसतं. निळं शोधावं लागतं. दुष्काळाविषयी मी पुष्कळ भाषणं ऐकली होती, पण तो असा एका कागदावर कधी पाहिला नव्हता.

त्या नकाशाच्या खाली खुणांची सूची असते. मंदिर, छत्री, चर्च, मशीद, ईदगाह, मकबरा, कबरी, सगळं एकाच ओळीत, एकाच आकाराच्या काळ्या खुणा. मोजणीदाराला यातलं कुठलंच लहान-मोठं करण्याची मुभा नव्हती. बाबरीनंतरच्या त्या वर्षांत मी त्या ओळीकडे बराच वेळ पाहत बसल्याचं आठवतं.

दुसऱ्या वर्षी सरांनी आम्हाला नहर-ए-अंबरी बघायला नेलं. सहल म्हणून डबे घेऊन आलो होतो. सरांनी प्रत्येक चौघांत एक टोपोशीट दिला आणि सांगितलं, "समोच्च रेषा वाचत चला. पाणी कुठून कुठं जाईल ते तुम्ही सांगायचं, मी नाही." मलिक अंबर हब्शी होता, गुलाम म्हणून विकला जात दख्खनला आलेला. निजामशाहीचा कर्ता पुरुष झाल्यावर त्यानं 1610 मध्ये खडकी गाव वसवलं, तेच पुढचं औरंगाबाद. जागा मोक्याची होती, पण पाणी बेताचं. त्यानं शहराच्या उत्तरेकडच्या डोंगराच्या पायथ्याला जमिनीत मुरलेलं पाणी गोळा केलं आणि दगड-विटांच्या भूमिगत नहरीतून शहरात उतरवलं. ठरावीक अंतरावर वर उघडणारी तोंडं ठेवली, हवा खेळावी आणि माणसाला आत उतरून गाळ काढता यावा म्हणून. ना मोट, ना रहाट. सगळं काम उताराचं. त्याच शहराला आता जायकवाडीचं पाणी पंपानं वर चढवावं लागतं आणि नळाला ते काही दिवसांच्या अंतरानं येतं.

आम्ही हर्सूलच्या बाजूनं चालत निघालो. एका उघड्या तोंडाशी सरांनी थांबवलं आणि विचारलं, "पाणी इथंच का सापडलं?" कुणाला सांगता येईना. मग त्यांनी खडक दाखवला. आपला सगळा दख्खन बेसॉल्टचा आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून झालेला. हा खडक अंगात पाणी धरत नाही. पाणी साठतं ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि थरांमधल्या भेगांत. म्हणून आपल्याकडे एका शेतातली विहीर उन्हाळाभर चालते आणि बांधापलीकडची पन्नास फुटांवरची कोरडी निघते. लोक याला नशीब म्हणतात. विहिरी खोदणारी माणसं म्हणत नाहीत. त्यांच्याकडे मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण असे थराथराचे शब्द आहेत, आणि कुठल्या थराला पाणी लागेल याचा अंदाज आहे. मलिक अंबरच्या माणसांकडेही असे शब्द असणार. त्या दिवशी आम्ही सात-आठ किलोमीटर चाललो. परत येताना एका मित्रानं विचारलं, हा इतिहास झाला की भूगोल? सर म्हणाले, "परीक्षेत भूगोल लिही."

आपल्या जलशांत, मदरशांच्या वार्षिक कार्यक्रमांत आणि व्हॉट्सॲपवरही मुसलमानांच्या ज्ञानपरंपरेची नावं फार घेतली जातात. अल-बेरूनी, अल-इद्रीसी. नावं खरी आहेत. इद्रीसीनं 1154 मध्ये सिसिलीच्या ख्रिस्ती राजासाठी जगाचा नकाशा काढला, त्यात दक्षिण वर होती. बेरूनीनं सुमारे 1030 मध्ये हिंदुस्थानावर ग्रंथ पुरा केला, त्यात एक निरीक्षण आहे: डोंगराजवळ जमीन खणली तर मोठे गोल दगड लागतात, नदीबरोबर खाली यावं तसे ते लहान होतात, आणि मुखाशी नुसती वाळू. त्यावरून त्यानं म्हटलं की हा प्रदेश कधीकाळी समुद्र असावा, नद्यांच्या गाळानं भरत आलेला. हा माणूस गझनीच्या महमूदाच्या काळात इकडे आला, संस्कृत शिकला आणि दगड मोजत बसला. पण जो वक्ता स्टेजवरून बेरूनीचं नाव घेतो, तोच खाली उतरल्यावर पोराला सांगतो, आर्ट्सला जाऊ नको, त्यात काही नाही. हे मी ऐकलेलं आहे.

आधुनिक विद्यापीठात भूगोल आपल्याकडे उशिरा आला. इंग्रजांना हिंदुस्थानाची मोजणी हवी होती, त्यासाठी त्यांनी सर्व्हेची खाती काढली, गॅझेटियरं छापली, दर दहा वर्षांनी खानेसुमारी केली. पण या सगळ्याचा अभ्यास हिंदुस्थानी मुलांनी पदवीसाठी करावा असं त्यांना लवकर वाटलं नाही. शाळेत भूगोल होता, तोही नद्या आणि बंदरांच्या याद्या पाठ करण्यापुरता. विद्यापीठीय भूगोलाची सुरुवात 1920 च्या दशकात झाली, आणि देशातल्या सर्वांत जुन्या विभागांपैकी एक आहे अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचा. विद्यापीठाचा कायदा 1920 चा, भूगोल विभाग 1924 चा, आणि 1931 पासून तिथं पदव्युत्तर वर्ग सुरू झाले. अलीगढ म्हटलं की आपल्याला शेरवानी, मुशायरा आणि फाळणी आठवते. विद्यार्थ्यांना नकाशे काढायला लावणारं अलीगढ आपल्या बोलण्यात येत नाही.

मराठवाड्याची गोष्ट वेगळी, आणि आपल्या जास्त जवळची. हैदराबादला 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं आणि तिथं उच्च शिक्षणाचं माध्यम उर्दू ठरलं. त्यासाठी एक दारुल-तर्जुमा, म्हणजे अनुवादाचं खातं, आधीच उघडलं होतं. शास्त्राचे, कायद्याचे, वैद्यकाचे ग्रंथ उर्दूत आणायचे आणि नसलेले शब्द घडवायचे, हे त्याचं काम. मौलवी अब्दुल हक या कामात पुढं होते. तेच पुढं औरंगाबादच्या कॉलेजचे प्राचार्य झाले. 1948 पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे इथल्या मराठी घरातल्या मुलांनाही कॉलेजचं शिक्षण उर्दूतून घ्यावं लागलं. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक निवृत्त वकील राहत, सगळे त्यांना काका म्हणत. घरात शुद्ध मराठी, देव्हारा, रोज गीतापठण. पण हिशेब आणि भूगोल उर्दूत. त्यांना अक्षांश-रेखांश पटकन सुचत नसत. "अर्जुल-बलद, तूलुल-बलद" म्हणत आणि मग हसत. मराठीतून शिकायला न मिळाल्याचा सलही त्यांच्या मनात होता, आणि तो खरा होता. मुलाची भाषा हिरावून शिकवलं की काय होतं, हे उर्दू शिक्षकाला वेगळं सांगावं लागत नाही.

याच काकांनी मला एक खेळ लावला: मराठीतले भूगोलाचे शब्द कुठून आले ते बघ. मी वहीत लिहीत गेलो. नकाशा, जिल्हा, तालुका, कसबा, मौजे, सरहद्द, इलाखा, हवा हे सगळे अरबी-फारसीतून आलेले. मोसम अरबी, आणि ज्याला आपण मान्सून म्हणतो तोही त्याच मोसमाचा फिरून आलेला भाऊ. हवामान या शब्दात अर्धं अरबी, अर्धं संस्कृत. उलट उर्दूतला जुग्राफिया हा शब्द मूळचा ग्रीक आहे, अरबीतून आलेला. आणि मराठीचे स्वतःचे दोन शब्द, काळी आणि पांढरी. गाव वसतो ती पांढरी, पिकते ती काळी. मी आता सातवीच्या वर्गात हा खेळ घेतो. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठीची भीती असते. सातबाऱ्यावरचे निम्मे शब्द आपल्या घरातले आहेत हे कळलं की ती कमी होते.

आता ज्यांच्यासाठी हा लेख लिहायला बसलो, त्या तीन माणसांकडे येतो. तिघांची नावं मला कॉलेजात नुसती संदर्भ म्हणून भेटली होती. कुणी सांगितलं नाही की हे कोण, आणि मीही विचारलं नाही.

पहिले मोहम्मद शफी, अलीगढचे. लंडनला डडली स्टॅम्प यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केलं. या स्टॅम्पनी 1930 च्या दशकात अख्ख्या ब्रिटनची जमीन मोजून घेतली होती: कुठं पीक, कुठं कुरण, कुठं पडीक. पैसा नव्हता, म्हणून काम दिलं शाळा-कॉलेजच्या मुलांना. हजारो पोरांनी आपापल्या गावचा मोठ्या प्रमाणावरचा नकाशा हातात घेऊन शेत न् शेत पाहिलं आणि रंगवलं. पुढं महायुद्धात बाहेरून धान्य येणं अवघड झालं, तेव्हा कुठलं कुरण नांगरायचं हे ठरवायला तेच नकाशे कामाला आले. एका शिक्षकाला यापेक्षा सुखद गोष्ट कुठली वाचायला मिळणार?

शफींनी तीच रीत पूर्व उत्तर प्रदेशात आणली. नमुन्याची गावं निवडायची, गावचे नकाशे घ्यायचे, कुठल्या शेतात काय आहे ते पायी फिरून नोंदवायचं. त्यांचं पूर्व उत्तर प्रदेशातल्या जमीन-वापरावरचं पुस्तक 1960 मध्ये अलीगढहून निघालं. त्याच सुमारास त्यांनी निरनिराळ्या अन्नपिकांच्या उताऱ्यावरून जिल्ह्यांचे क्रमांक लावून शेतीची कार्यक्षमता मोजली. वाचायला कोरडं वाटतं. पण पूर्व उत्तर प्रदेश म्हणजे आझमगढ, मऊ, बनारसचा मुलूख. लहान-लहान तुकड्यांची शेती आणि माणसांची दाटी. मालेगाव-भिवंडीच्या मागांवर ज्यांचे पणजोबा येऊन बसले, त्या कित्येक अन्सारी घराण्यांचं मूळ तिकडचं. एका घराला जमीन पुरेना म्हणजे नेमकं किती पुरेना, हे कुणीतरी एकरांत मोजणं गरजेचं होतं. आपल्याकडे त्या स्थलांतरावर आठवणी आहेत, शेर आहेत. मोजमाप फार थोडं आहे.

दुसरे एस. मुझफ्फर अली, मध्य प्रदेशात सागर विद्यापीठाच्या भूगोल विभागाचे प्रमुख. त्यांचं पुस्तक 'द जिऑग्राफी ऑफ द पुराणाज', 1966 चं. पुराणांत जंबुद्वीप आहे, मेरू पर्वत आहे, सात द्वीपं, नद्या, वनस्पती, लोक यांची वर्णनं आहेत. काही जण ती सगळी कविकल्पना म्हणून बाजूला सारतात, काही जण शब्दशः सत्य म्हणून छातीशी धरतात. अलींनी दोन्ही केलं नाही. त्यांनी भूगोलवेत्त्यासारखं विचारलं: ही वर्णनं लिहिणाऱ्याला कुठला डोंगर, कुठलं हवामान, कुठली झाडं माहीत होती? त्यांच्या मते मेरू म्हणजे पामीर, जिथून चहूदिशांना पर्वतरांगा फुटतात. त्यांचे सगळेच निष्कर्ष पटण्यासारखे नाहीत. दूरदूरची द्वीपं जुळवताना त्यांनी जरा ताणलंय असं मला वाटतं. पण त्यांची वृत्ती बघा. शेजाऱ्याचा पवित्र ग्रंथ हाती घ्यायचा, त्याची टिंगल करायची नाही, पूजाही करायची नाही, आणि त्यात माणसानं पाहिलेली जमीन शोधायची. हे 1966 मध्ये झालं. आज असं पुस्तक लिहायला बसणाऱ्याला दोन्ही बाजूंनी काय ऐकावं लागेल, याचा विचार करून मी थोडा वेळ गप्प बसलो होतो.

तिसरे मूनिस रझा. गाझीपूरचे, जन्म 1925 चा. मराठी वाचकाला त्यांचे धाकटे भाऊ जास्त माहीत असतील, राही मासूम रझा, ज्यांनी दूरदर्शनच्या 'महाभारत' मालिकेचे संवाद लिहिले आणि 'आधा गाँव' ही कादंबरी लिहिली. मूनिस रझा अलीगढला शिकवत होते, पुढं दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या उभारणीत पहिल्या फळीत होते, आणि 1985 ते 1990 दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. जेएनयूमध्ये त्यांनी प्रादेशिक विकासाच्या अभ्यासाचं केंद्र उभं केलं. भूगोल, अर्थशास्त्र आणि लोकसंख्या शिकवणारी माणसं एका छताखाली बसवली. आज 'भूगोल, पर्यावरण आणि समाज' असा एकत्र अभ्यासक्रम म्हटला की तो परदेशातून आला असं वाटतं. आपल्याकडे हा विचार पन्नास वर्षांपूर्वी राबवला गेला होता.

त्यांनी आणि एजाजुद्दीन अहमद यांनी मिळून 1990 मध्ये आदिवासी भारताचा ॲटलास काढला. जिल्हावार आकड्यांची कोष्टकं, त्यांचे नकाशे आणि त्यांचा अर्थ. कुठली जमात कुठं आहे, किती शिकली, कशावर जगते. त्याच वर्षी दोघांनी एका सहकाऱ्याबरोबर भारतातल्या शालेय शिक्षणाच्या प्रादेशिक विषमतेवरही पुस्तक केलं. मला यातली एक गोष्ट सांगाविशी वाटते. हे दोघं मुसलमान विद्वान, आणि आयुष्याची वर्षं खर्चून त्यांनी नकाशे काढले ते भिल्ल, गोंड, संथाळ यांचे. 'आपले प्रश्न' एवढ्याच रिंगणात ते अडकले नाहीत. आणि गंमत अशी, की हीच जिल्हावार मोजण्याची रीत पुढं आपल्या प्रश्नालाही लागू पडली.

ते असं. 2005 मध्ये सच्चर समिती नेमली गेली आणि 2006 च्या नोव्हेंबरात तिचा अहवाल आला. नोकरी, शिक्षण, बँक-कर्ज यांचे आकडे आपण सगळ्यांनी भाषणांत ऐकले. त्यातल्या भौगोलिक भागाची चर्चा कमी झाली: मुस्लिम लोकसंख्या दाट असलेल्या गावांत शाळा आहे का, दवाखाना आहे का, डांबरी रस्ता आहे का. मग अल्पसंख्याकबहुल 90 जिल्हे निवडून बहुक्षेत्रीय विकास कार्यक्रम आला. महाराष्ट्रातले परभणी, हिंगोली, वाशिम, बुलढाणा त्यात होते. म्हणजे आमचा जिल्हा यादीत. तेव्हा आम्ही मशिदीबाहेर पेढे वाटले नाहीत, पण आनंद झाला होता.

पुढं जे झालं ते भूगोलाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला आधीच सांगता आलं असतं. एकक होतं जिल्हा. जिल्हा यादीत आला की पैसा जिल्ह्यात कुठंही खर्च होऊ शकतो, आणि यादी पाळल्याचं समाधान मिळतं. मोहल्ला तिथंच राहतो. देशभरातून तक्रारी आल्या, आणि 2013 पासून एकक लहान केलं गेलं, तालुका-गट आणि शहरं धरली गेली. मोजणीचा चौकोन केवढा घ्यायचा, यावर त्यात कोण दिसणार आणि कोण लपणार हे ठरतं. जिल्ह्याच्या सरासरीत आमची गल्ली दिसत नाही. मोठ्या शेतकऱ्याच्या विहिरीमुळे शेजारचा कोरडवाहूवाला कागदोपत्री बागायती व्हावा, तसं. पावसाचंही हेच. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तिथून पूर्वेला शंभर किलोमीटरच्या आत माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. दोन्ही एकाच सातारा जिल्ह्यात. सातारा जिल्ह्याची सरासरी सांगून माणच्या मेंढपाळाला काय उपयोग?

हे मोजायला, भांडायला आणि दाखवून द्यायला नकाशा वाचणारी माणसं लागतात. आपल्या शहरांत विकास आराखडे प्रसिद्ध होतात, त्यावर हरकती घेण्याची मुदत असते. किती मोहल्ल्यांतून कुणी तो नकाशा उघडून बघतं? आरक्षण कशावर पडलं, रस्ता कुठून गेला, पूररेषा कुठं आली, हे बुलडोझर आल्यावर कळतं.

वाईट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर त्या रिक्षावाल्या भाईंना फसवल्यासारखं होईल. कॉलेजांत भूगोल बऱ्याचदा पास व्हायला सोपा विषय म्हणून घेतला जातो. प्रॅक्टिकलची वही वरच्या वर्गाकडून येते आणि खालच्या वर्गाकडे जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पर्यावरणाचा पेपर सक्तीचा झाला, त्यालाही आता वीस वर्षं झाली. त्यात एक प्रकल्प करायचा असतो. मी असे प्रकल्प पाहिलेत, झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतात. सगळ्यांचा विषय प्लास्टिकबंदी. ज्या मुलाच्या घरात दर पावसाळ्यात नाल्याचं पाणी शिरतं, त्याचाही विषय प्लास्टिकबंदी. आणि नोकरीचं म्हणाल तर मलाच भूगोलात मिळाली नाही.

दोन दिवसांनी वडील एकटेच आले. मी त्यांना जे होतं ते सांगितलं. उपग्रहाच्या चित्रांवरून संगणकावर नकाशे करणारी माणसं आता महापालिकांपासून विमा कंपन्यांपर्यंत लागतात, पण त्यासाठी ते तंत्र वेगळं शिकावं लागेल, खर्च येईल. स्पर्धा परीक्षेत भूगोलाचा फायदा होतो, पण पास होणारे थोडे. शिक्षकाची जागा निघेल तेव्हा निघेल. मग माझा जुना टोपोशीट दिवाणावर पसरला. कडा फाटलेल्या, मध्ये चिकटपट्टी. त्यांनी चश्मा लावला, वाकून बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "इसमें अपनी गल्ली किधर है?"

गल्ली नव्हती. गाव म्हणून एक लाल ठिपका होता, त्याच्या एका अंगाला ईदगाहची खूण, आणि खालून जाणारी काळी रेषा. "ही रेषा म्हणजे आपला नाला," मी सांगितलं. ते बराच वेळ बघत राहिले. त्यांचं घर नाल्याच्या काठावर आहे. दोन वर्षांपूर्वी पाणी पलंगापर्यंत आलं होतं आणि रिक्षाचं इंजिन बसलं होतं. "इतनी पतली है कागज पे," एवढंच म्हणाले.

जुलैत मुलीचा प्रवेश झाला, भूगोल, इतिहास आणि उर्दू. परवा रविवारी ती टोपोशीट मागायला आली, प्रॅक्टिकलला हवाय म्हणाली. दारातच उभी राहून तिनं तो उघडला, बोटानं ती रेषा शोधली आणि विचारलं, "सर, काळी म्हणजे पावसाळ्यानंतर कोरडा ना? पण आपल्या नाल्यात तर बारा महिने पाणी असतं. मग ही निळी का नाही?"

मी म्हटलं, "मोजणी झाली तेव्हा गावात एवढी घरं नव्हती. तेव्हा तो ओढा होता."

"मग आता जे वाहतं ते पाणी कुठलं?"

"तूच सांग," मी म्हणालो. ती चप्पल घालून नाल्याच्या वरच्या अंगाला, बाजाराकडे निघाली. नकाशा तिच्या हातातच होता.